धवळा नवरीच्या आवाजात

सापगाव, ८ जानेवारी

चंद्रे,

पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तुझ्या. होऊ दे थोडं. पण कोणी गेलंबिलं नाय. सगळे जागेवर आहेत, तुझा भाऊ तर सकाळपासून तिसऱ्यांदा चहा मागतोय.

पत्र अशासाठी की तू माझा फोन उचलत नाय, आणि उचललास तरी मला बोलता येणार नाय. शहापूरच्या डॉक्टरने मला आठ दिवस गप्प बसवलंय. हळू पण बोलायचं नाय, आणि कुजबुजायचं तर अजिबातच नाय, त्याने म्हणे गळा जास्त बिघडतो. हिराबाई आणि गप्प! आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येतात गो. समोर बसून माझ्याच चुगल्या करतात, मला उलट बोलता येत नाय म्हणून. मी सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवलंय. आठ दिवस संपू देत, मग बघते एकेकीला.

झालं काय, माझा आवाज जड झाला. आधी वाटलं सर्दी असेल. मग गॅसवाल्याचा फोन आला तर तो मला म्हणतो, "बोला काका." आणि तुझ्या भावाचा आवाज उलटा वर चढलाय, पातळ झालाय. त्याला तोच गॅसवाला म्हणतो, "मावशी, सिलेंडर घ्यायला घरी कोण आहे?" डॉक्टर म्हणाले वय झालं की असंच होतं, बाईचा आवाज खाली जातो, पुरुषाचा बारीक होतो. म्हणजे इतक्या वर्षांनी आमच्या घरात आता नवरा मी. तुझ्या भावाला हे सांगितलं तर रुसून बसला, बायकोसारखा.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. आपल्या हरेशच्या कुणालीचं लग्न ठरलंय. मुलगा मुरबाडचा, स्वतःचं गॅरेज आहे, माणसं बरी वाटली. हळद वीस फेब्रुवारीला. आजकाल हळद म्हणजे डीजे आणि बिर्याणी, तुला माहीतच आहे. पण पोरीने बापाला तोंडावर सांगितलं, "डीजे मागून वाजवा, आधी धवळा होणार. आणि तो माझी आजीच गाणार." हरेश माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. 

मी तुला बोलावत नाय. आत्या म्हणून आमंत्रण रीतसर हरेश घेऊन येईल. मी फक्त कळवतेय. पत्र पण हरेशच देईल, कामावर वाशिंदला येताना.

तुझी वयनी,
हिरा


सापगाव, १७ जानेवारी

चंद्रे,

सुटले एकदाची! पहिला शब्द तुझ्या भावावरच काढला. काय तो विचारू नको.

हरेश सांगत होता, तू पत्र हातात घेतलंस, वाचलंस, आणि एक शब्द बोलली नाय. नुसता सुकटीच्या चटणीचा डबा दिलास. डब्यावर राग काढू नये म्हणून खाल्ली. मीठ कमी होतं. माणूस रागात असलं की मीठ जास्त पडतं, तुझं कमी कसं पडलं तेच कळलं नाय.

आता डॉक्टरने मला भाग्यश्री मॅडमकडे पाठवलंय. आवाजाचीच शिकवणी घेते. कुणालीएवढीच असेल, पण कडक. पहिल्या दिवशी माझे गप्प बसायचे आठ दिवस संपले नव्हते, म्हणून पाटीवर लिहून बोलत होते. तिने विचारलं, "आजी, तुम्ही गाता म्हणजे काय गाता?" मी लिहिलं, धवळा. तिला ठाऊक नाय, ती पडली कोल्हापूरकडची. मग सगळं लिहावं लागलं: नवरी हळद लागायला बसली की सुरू करायचा आणि नवरी पाटावरून उठेपर्यंत तोडायचा नाय. मध्ये तुटला तर संसारात खंड पडतो म्हणतात. म्हणून दोघी लागतात. एकीने श्वास घेतला की दुसरीने ओळ उचलायची.

ती म्हणाली, "मग तुमची जोडीदारीण कुठे आहे?"

पाटी भरली होती, म्हणून उत्तर दिलं नाय.

शिकवणी काय आहे सांगू? ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात सरबताची नळी घालायची आणि "ऊऽऽ" करत बुडबुडे काढायचे. सकाळ-संध्याकाळ. खाकरायचं नाय, कोंबड्यांवर ओरडायचं नाय, पाणी प्यायचं आणि श्वास पोटातून घ्यायचा. आपण ज्येष्ठमध, मिरी, खडीसाखर, हळदीचं दूध काय काय ओतलं आयुष्यभर गळ्यात, आणि ही म्हणते बुडबुडे काढा. पहिल्यांदा हसून हसून पाणी नाकात गेलं. आता तुझा भाऊ पण काढतो. दोघं ओट्यावर बसतो बुडबुडे काढत. जाणारेयेणारे थांबतात.

आणि गुण काय आलाय म्हणून सांगू! आवाज पोरीसारखा झालाय गो. काल न्हाताना गायले तर कुणालीला वाटलं रेडिओ लावलाय.

तेव्हा जोडीदारीण नसली तरी माझं अडत नाय, हे कळावं.

हिरा


सापगाव, २७ जानेवारी

चंद्रे,

मागच्या पत्रात पोरीसारखा आवाज झाल्याचं लिहिलं, ते खोटं होतं. रेडिओ पण खोटा. कोणाला नाय तर तुला तरी खरं सांगावं म्हणून लिहितेय.

काल दुपारी घरात कोणी नाय बघून धवळा धरला. आपला नेहमीचा, नेहमीच्या पट्टीत:

कवाड उघड गो बाय, हळद दारात उभी हाय,
कोणाच्या हातानं लावू, नवरी घरात उभी हाय.

"उभी हाय" वर चढले आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा काढणार नाय. गोठ्यातल्या म्हशीने मागे वळून बघितलं. दारात हरेश उभा होता, कधी आला कळलं नाय.   मुकाट्याने चपला घातल्या आणि गेला तो मुरबाडला, कमळकडे. ती कमळ गो, ती नाय का लग्नात माईक घेऊन गाते, सोबत कीबोर्डवाला असतो. तिला हळदीचं सांगून आला. मला कोणी सांगितलं? कोणीच नाय. तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाय म्हणून कळलं.

चंद्रे, घरात धवळारीण जिवंत असताना मांडवात बाहेरची बसवायची? तुझ्या आईच्या घरात? मी हरेशला असा झाडला की भाग्यश्री मॅडमची सगळी शिकवणी पाण्यात गेली. तो म्हणतो, "आये, मी तुला नको नाय म्हणत. मधेच आवाज बसला तर? अख्ख्या मांडवासमोर? पोरीच्या हळदीत धवळा तुटला तर तूच आयुष्यभर रडत बसशील." खरंच बोलला मेला. म्हणून जास्त राग आला.

तेव्हा तुला सांगते, त्या वाशिंदच्या हळदीतलं. पाच वर्षं तू तोंड फिरवून बसलीस. तुझा आवाज वरच्या ओळीवर फाटला, मी ओळ उचलली, आणि तू हातातली हळद पुसून उठलीस. "माझ्या तोंडातला धवळा काढून घेतलास," म्हणालीस सगळ्यांसमोर. मी नसता उचलला तर तुटला असता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. माफी मागायला लिहीत नाय मी.

पण आज एक कळलं. हरेश म्हणाला, आत्याकडे गेलो तर ओट्यावर पाण्याचा ग्लास, त्यात नळी. विचारलं तर तू खुणेनेच सांगितलंस, नेहाच्या पोरासाठी म्हणे. चंद्रे, नेहाला पोर कधी झालं? तुझ्या पोराचं, दिपेशचं तिच्याशी लग्न आत्ता दिवाळीनंतर झालं ना?

माझ्या पत्रात वाचलंस आणि लागलीस ना बुडबुडे काढायला? तू हरेशशी बोलत नाय, फोन उचलत नाय, नेहाला पण म्हणे खुणेने सांगतेस. मी इतकी वर्षं समजत होते की नणंदबायला माज आलाय. तुझा पण आवाज गेलाय ना गो?

खरं सांग. मी हसणार नाय. हसले तर थोडीच हसेन.

वयनी


सापगाव, ५ फेब्रुवारी

माझे बाय,

तुझी चिठ्ठी मिळाली. "नळी सरबतासाठी होती." थंडीत सरबत पितेस, बरं बरं. आणि खाली बारीक अक्षरात, "त्या बाईच्या शिकवणीने खरंच फरक पडतो का?" मला इतका आनंद झाला की तीच चिठ्ठी तुझ्या भावाला चारदा वाचायला लावली. त्याच्या त्या बारीक आवाजात तर अगदी तूच बोलतेयस असं वाटलं.

फरक पडतो. पण आपल्याला हवा तसा नाय. ऐक आता, मुद्द्याची गोष्ट सांगते, बसून वाच.

मी भाग्यश्रीला म्हटलं, "मॅडम, मला माझा जुना आवाज द्या, बाकी काही नको." तिने मला गायला लावलं. दोन ओळींत थांबवलं. म्हणाली, "आजी, तुमचा आवाज बिघडलेला नाय. तो खाली गेलाय आणि तुम्ही त्याला मानगूट धरून वर खेचताय. त्यानेच सूज येते. एवढ्या वर का गाता?"

मी म्हटलं, "नियम आहे. धवळा नवरीच्या आवाजात गायचा. नवरी कोवळी, म्हणून आवाज कोवळा. माझ्या सासूने शिकवलंय, तिच्या पोरीला आणि मला, दोघींना एका चुलीसमोर बसवून."

"सासूबाई म्हातारपणी पण याच पट्टीत गायच्या?"

चंद्रे, आई म्हातारी कुठे झाली गो? सगळे जिला सावळी धवळारीण म्हणायचे, ती गेली तेव्हा तिचे केस पण पिकले नव्हते. तुझं लग्न व्हायचं होतं. मी हरेशला पाजत होते. आपण तिचा जो आवाज ऐकला तो तरण्या बाईचा. तिला वर गाताना कधी त्रास झाला नाय, म्हणून तिने आपल्याला खाली गायला शिकवलं नाय. म्हातारपणी काय करायचं ते तिलाच माहीत नव्हतं. आणि आपण दोघी साठी उलटल्यावर पण तिचा आवाज काढायला बघतोय, गळे फाडून घेतोय आणि एकमेकींचं तोंड बघत नाय!

मला तिथेच रडू आलं. मग हसू आलं. भाग्यश्री घाबरली, पाणी दिलं, नळीसकट.

आई असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत नाय. पण म्हातारी झाली असती तर खालीच आली असती. गळा तर तिचा पण बाईचाच होता.

बुधवारी भाग्यश्री शहापूरला असते, अकरा वाजता. मी माझी वेळ साडेअकराची घेतलीय. म्हणजे समोरासमोर यायची तुला भीती नको.

तुझी हिरा


सापगाव, १५ फेब्रुवारी

चंद्रे,

बुधवारी तू भाग्यश्रीकडे येऊन गेलीस. ती कोणाचं नाव सांगत नाय, नियमाची पक्की. पण खोलीभर तुझ्या कपाळाच्या बामाचा वास होता.  खुर्ची अजून गरम होती, तिच्यावरच बसले.

आता खाली गाते. पहिले चार दिवस लाज वाटली. धवळा म्हणतेय की भजन तेच कळेना. तुझा भाऊ म्हणाला, "हे तर बुवा गातात तसं वाटतं." त्याला चहा बंद केला. मग हळूहळू काय झालं, ओळ घशात अडकायची बंद झाली. शब्द दिसायला लागले गो. इतकी वर्षं सगळा जीव वर चढण्यात जायचा, काय बोलतोय तिकडे लक्षच नसायचं. "कोणाच्या हातानं लावू" म्हणताना परवा कुणाली समोर भाजी निवडत होती आणि माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला.

आवाज तरणा आहे का? नाय. पण थकलेला पण नाय. भाग्यश्री म्हणते तरणा ठेवायचा म्हणजे न थकवता ठेवायचा, तेवढंच आपल्या हातात.

हरेशला ऐकवलं. तो म्हणाला, "आये, चांगलं वाटतंय." पण कमळला नाय म्हणायला तयार नाय. कारण माझा आवाज पुरतो, श्वास पुरत नाय. तीन कडवी झाली की दम लागतो. हळद लावायला सगळी नातीगोती येणार, अर्धा-पाऊण तास तरी पाटावर बसणार पोर. एकटीने धवळा निघत नाय, चंद्रे. कमळ मागे बसेल, मी अडले की तिने माईक घ्यायचा असं ठरलंय. म्हणजे माझ्या नातीच्या हळदीत मी सुरू करणार आणि परकी बाई पुरं करणार.

आता मान वर करून सांगते, आडून आडून नाय. ये गो. माझ्याशी बोलू नको, जेवू नको, राग धर हवा तेवढा, पण ओळ उचलायला ये. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मी श्वास कुठे घेते ते ठाऊक नाय.

हळद संध्याकाळी सहाला.

तुझी वाट बघणारी,
हिरा


सापगाव, २४ फेब्रुवारी

माझे चंद्रे,

लग्नाच्या घाईत आपण दोघी धड बसलोच नाय. वऱ्हाड परतलं आणि तू तशीच वाशिंदला गेलीस. मला तर अजून कोणाशी बोलायची उसंत नाय, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडेना.

तू उशिरा आलीस म्हणून तुला माहीत नाय, त्या आधी माझे काय हाल झाले. सहा वाजले, साडेसहा वाजले. कुणाली पाटावर बसली, डोक्यावरून पिवळा पदर. हळद वाटीत तयार. कमळ माईक लावून बसलेली, पोरगी वाईट नाय, माझ्या पाया पडली. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत आणि मी फाटकाकडे. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि धरला, खालच्या पट्टीत. मागून कोणीतरी म्हणालं, "बाय गो, हिरामावशीला काय झालं?" मी ऐकलं, पण थांबले नाय.

तीन कडवी झाली. चौथ्याला छाती भरून आली. ओळ शेवटाला आली, श्वास संपला, आणि कमळचा हात माईककडे गेलेला मी या डोळ्यांनी बघितला. पुढचं तुला माहीत आहे. पण तुला हे माहीत नाय की मला तू दिसली नव्हतीस. ओळ मागून आली, माझ्याच पट्टीत, जिथे मी सोडली तिथूनच. मी वळून बघितलं तर खांद्याला पिशवी, पायात चपला. चपला घालून मांडवात शिरलीस गो! आईने बघितलं असतं तर चिमट्याने मारलं असतं. मला हसू फुटलं आणि गायची पाळी आली, हसतच उचलली पुढची ओळ. कमळने कीबोर्डवाल्याला गप्प बसायला सांगितलं आणि चहाचा कप घेऊन खाली बसली.

आता खरी गोष्ट. काल सगळे जमून मोबाइलवरची हळद बघत होतो. पोरांनी सगळं काढलंय, पण फोन नवरीकडे धरलेला, आपण दोघी त्यात दिसतच नाय. नुसता आवाज. तर हरेश म्हणतो, "ही आये." तुझा भाऊ म्हणतो, "हट, ही चंद्री." दोघांची जुंपली. मला मध्ये घातलं. मी कानाला लावून ऐकलं. पुन्हा लावलं. चंद्रे, मला ओळखता येईना गो! माझ्या अंगातून निघालेला आवाज आणि मला सांगता येईना तो माझा की तुझा. आधी तुझा केवढा पातळ, माझा केवढा भरदार, डोळे मिटून कोणी पण सांगायचं. आता दोघी खाली येता येता एकाच ठिकाणी येऊन बसलोय. तू ओळ कुठे उचललीस, मी कुठे, तो सांधाच सापडत नाय. वाशिंदला मी उचलली तेव्हा अख्ख्या मांडवाला कळलं होतं.

मग मुरबाडला कुणालीला फोन लावला. म्हटलं, बाय, तू तर पाटावर होतीस, तूच सांग या दोन भांडखोरांना, पाचव्या कडव्याला कोण होतं? आत्याआजी कधी आली?

पोर म्हणाली, "आत्याआजी पण गात होती? माझी मान खाली होती गो आजी. मला तर वाटलं सगळा धवळा तू एकटीनेच म्हटलास."

तुझी,
हिरा